गर्भारपणातील उष्णता, सामाजिक विषमता आणि मातेचे उत्तरायुष्य

वेधशाळा ज्या तपमानाची नोंद करते ते सावलीतील हवेचे तपमान असते. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर तपमापक ठेवलेला असतो. त्यावर ऊन पडत नाही, त्याच्याभोवती हवा खेळती असते, आणि तो स्वतः कोणतेही काम करीत नाही. भर उन्हात वाकून ऊस तोडणाऱ्या सात महिन्यांच्या गर्भवतीची स्थिती या तिन्ही बाबतींत नेमकी उलट असते. हा विरोध आरंभीच सांगून ठेवण्याचे कारण असे की, उष्णता व गर्भारपण यांच्या संबंधाविषयी गेल्या पंधरावीस वर्षांत जे संशोधन प्रसिद्ध झाले आहे, त्याचा फार मोठा भाग या पेटीतील आकड्यावर उभारलेला आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय उष्णता हा नसून उष्णतेची वाटणी हा आहे. गर्भारपणात सोसावी लागलेली उष्णता स्त्रीच्या शरीरावर कोणता परिणाम करते. तो परिणाम प्रसूतीनंतर किती काळ टिकतो. आणि ज्या समाजव्यवस्थेमुळे ती उष्णता एकीच्या वाट्याला अधिक व दुसरीच्या वाट्याला कमी येते, त्या व्यवस्थेला या कार्यकारणपरंपरेत कोठे स्थान द्यावयाचे, असे तीन प्रश्न येथे आहेत. पहिल्याचे उत्तर वैद्यकाने बऱ्याच अंशी दिलेले आहे. दुसऱ्याचे तुकड्यातुकड्यांनी दिलेले आहे. तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, संशोधनाच्या रूढ पद्धतीच आपल्याला पाठ फिरवावयास लावतात.

प्रथम शरीरक्रियेचा विचार करू. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे शंभर वॅट इतकी उष्णता सतत निर्माण करीत असते. अंगमेहनतीच्या जड कामात हे प्रमाण अनेक पटींनी वाढते, कारण स्नायूंनी वापरलेल्या शक्तीपैकी चौथा हिस्सासुद्धा प्रत्यक्ष कामात उतरत नाही; उरलेल्या सगळ्या शक्तीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचे मुख्य मार्ग दोन. त्वचेकडे अधिक रक्त पाठविणे हा एक आणि घाम वाळविणे हा दुसरा. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. पण जो घाम न वाळता ओघळून मातीत पडतो तो शरीराला काडीइतकाही गारवा देत नाही, पाणी मात्र घेऊन जातो. कोकणातील ३५ अंश आणि मराठवाड्यातील ३५ अंश हे शरीराच्या दृष्टीने निरनिराळे असतात ते यामुळेच.

गर्भारपणात या व्यवस्थेवर नवा भार पडतो. रक्ताचे एकूण प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि हृदयाला त्या मानाने अधिक काम करावे लागते. गर्भाचे तपमान मातेच्या तपमानापेक्षा सुमारे अर्ध्या अंशाने अधिक असते, आणि त्याची बहुतेक उष्णता वारेतून मातेच्या रक्तात उतरूनच बाहेर पडू शकते. म्हणजे माता ही गर्भाची वातानुकूलन यंत्रणाच होय. माता तापली की गर्भाची उष्णता बाहेर पडण्याची वाट अरुंद होते. दुसरीकडे, त्वचेकडे जाणारे रक्त कोठून तरी काढून घ्यावे लागते. दिवस भरत आलेल्या गर्भवतीच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जात असते. शरीरातील पाणी कमी झालेले असताना त्वचा, राबणारे स्नायू व गर्भाशय या तिघांनाही एकाच वेळी पुरेसे रक्त पुरविणे हृदयाला कठीण जाते. बराच काळ उष्ण जागेत ठेवलेल्या गाभण मेंढ्यांवरील प्रयोगांत वारेची वाढ खुंटल्याचे आढळून आले आहे. पाणी कमी पडल्याने जी संप्रेरके स्रवतात त्यांमुळे गर्भाशयाचे आकुंचन अवेळी सुरू होत असावे, असेही मानले जाते.

यावरून गर्भवतीचे शरीर उष्णतेपुढे मुळातच दुबळे असते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो; परंतु तो चुकीचा ठरेल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत, गर्भवतींनी व्यायाम केला असता किंवा त्या गरम पाण्यात बसल्या असता त्यांच्या शरीराचे तपमान किती वाढते याविषयीचे प्रयोग एकत्र तपासण्यात आले. त्यांतील एकाही स्त्रीचे आंतरिक तपमान ३९ अंशांपलीकडे गेले नव्हते. किंबहुना गर्भारपण जसजसे पुढे सरकते तसतशी उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता काही अंशी सुधारते, असेच त्यांवरून दिसते. मात्र या प्रयोगांतील स्त्रिया निरोगी होत्या, व्यायाम मिनिटांत मोजण्याइतका होता, आणि थांबावेसे वाटले की थांबण्याची मोकळीक होती. मला येथे समाजशास्त्रीयदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. गर्भवतीचे शरीर आपली उष्णता सांभाळण्यास समर्थ आहे, पण ते सामर्थ्य वापरण्यासाठी पाणी, सावली, अन्न आणि थांबण्याचा अधिकार लागतो. या चार गोष्टींची वाटणी शरीरशास्त्र करीत नाही.

मग मोजावयाचे काय? केवळ हवेचे तपमान पुरेसे नाही हे लष्कराच्या ध्यानी फार पूर्वी आले होते. अमेरिकेत नवशिक्या सैनिकांना कवायतीच्या वेळी उष्माघात होऊ लागला, तेव्हा यॅग्लू व मिनार्ड या संशोधकांनी १९५७ मध्ये एक संमिश्र निर्देशांक मांडला. त्यात ओल्या फडक्याने वेढलेल्या तपमापकाला दहापैकी सात भाग, काळ्या गोलकातील तपमापकाला दोन भाग व साध्या तपमापकाला एक भाग वजन दिलेले असते. ओले फडके आर्द्रतेचा आणि काळा गोलक उन्हाचा हिशेब ठेवतो. आजही जगभर श्रमाच्या ठिकाणची उष्णता याच निर्देशांकाने मोजतात व किती उष्णतेत किती विश्रांती द्यावी याची कोष्टके त्यावरून बनवितात. ही पद्धती उपयुक्त आहे यात संशय नाही. तरीपण तिचा जन्म धडधाकट तरुण पुरुषांच्या कवायतीतून झाला आहे, आणि मुदतपूर्व प्रसूतीची मर्यादा तीत कोठेच आखलेली नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे.

आता पुराव्याकडे वळू. २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या समीक्षेने २७ देशांतील ७० अभ्यास तपासले, २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या समीक्षेने ६६ देशांतील १९८ अभ्यास तपासले. दुसऱ्या समीक्षेनुसार तपमान एका अंशाने वाढले की अकाल प्रसूतीची संभाव्यता सुमारे ४ टक्क्यांनी, तर उष्णतेच्या लाटेत सुमारे २६ टक्क्यांनी वाढते. मृतजन्म, जन्मतः वजन कमी असणे, गर्भारपणातील मधुमेह व रक्तदाबाचे विकार यांच्याशीही उष्णतेचा संबंध आढळून आला आहे. चार टक्के ही वाढ प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. पण ती एका अंशामागची आहे, आणि ती सर्व प्रकारच्या स्त्रियांची सरासरी आहे. या ‘सरासरी’ शब्दाकडे पुन्हा यावयाचे आहे.

शेतात राबणाऱ्या गर्भवतींकडे प्रत्यक्ष जाऊन मोजमाप केलेल्या अभ्यासांची संख्या फार थोडी आहे. त्यांपैकी पश्चिम आफ्रिकेतील गांबियातला २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. पोटापुरती शेती करणाऱ्या ९२ गर्भवतींच्या शरीराचे तपमान, नाडीचे ठोके आणि गर्भाच्या हृदयाचे ठोके त्या शेतात काम करीत असताना मोजण्यात आले. उष्णतेचा ताण एका अंशाने वाढला की गर्भावर ताण पडल्याची लक्षणे दिसण्याची संभाव्यता १७ टक्क्यांनी वाढत होती. मातेवरील ताणाचा हिशेब वजा केल्यावरही या वाढीचा बराच भाग शिल्लक राहत होता. म्हणजे माता ‘मला काही होत नाही’ असे म्हणत असतानाच गर्भावर परिणाम होत असणे शक्य आहे. आपल्याकडे तमिळनाडूत चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील संशोधकांनी शेत, वीटभट्टी, मिठागर अशा ठिकाणी काम करणाऱ्या ८०० गर्भवतींचा पाठपुरावा केला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, कामाच्या जागी अति उष्णता सोसणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट होता.

चार टक्के आणि दुप्पट! एकाच कारणाचे हे दोन परिणाम इतके भिन्न का दिसावेत? याचे उत्तर संशोधनपद्धतीत आहे, आणि ते नीट समजून घेतल्यावाचून विषमतेचा प्रश्न हाती लागत नाही.

उष्णता व प्रसूती यांचा संबंध केवळ योगायोगाचा नव्हे हे सिद्ध करणे वरवर दिसते तितके सोपे नाही. अधिक उष्ण घरात राहणारी स्त्री बहुधा अधिक गरीब असते, कमी जेवते, अधिक राबते व उशिरा दवाखान्यात पोहोचते. तिची प्रसूती अकाली झाली तर दोष उष्णतेचा की दारिद्र्याचा? संख्याशास्त्रज्ञांनी यावर काढलेला उपाय मोठा चतुर आहे. त्यांनी एका स्त्रीची दुसरीशी तुलना करण्याऐवजी एकाच गावातील, किंबहुना एकाच स्त्रीच्या आयुष्यातील, उष्ण दिवसाची थंड दिवसाशी तुलना केली. अमुक मंगळवारी पारा चार अंश चढला ही जणू सोडत आहे. ती स्त्रीची जात, शिक्षण वा उत्पन्न पाहून निघत नाही. म्हणून त्या दिवसानंतर प्रसूती वाढल्या तर ते कार्य उष्णतेचेच मानावे लागते. या युक्तीमुळे उष्णतेचे कारणत्व भक्कमपणे सिद्ध झाले, हे श्रेय नाकारता येत नाही.

परंतु या सिद्धीची किंमत ध्यानात घ्या. जे जे स्थिर आहे ते ते सर्व या तुलनेतून आपोआप बाद होते. पत्र्याचे छप्पर काल होते, आज आहे. म्हणून ते हिशेबात येत नाही. पाण्याचा हंडा लांबून आणणे, रक्तक्षय, रोजंदारी, मुकादमाची उचल, या सर्वांची गत तीच. विषमता ही स्वभावतःच टिकाऊ असल्यामुळे, टिकाऊ गोष्टी वगळणाऱ्या पद्धतीला ती दिसू शकत नाही. उष्णतेला कारण ठरविणारी पद्धती विषमतेला मात्र नजरेआड करते. चेन्नईच्या अभ्यासाने स्त्री व स्त्री यांची तुलना केली. तिच्यात उष्णतेबरोबर श्रम व दारिद्र्यही काही अंशी मिसळलेले असणार, पण ज्या स्वरूपात उष्णता प्रत्यक्ष भोगली जाते ते मिश्रण हेच होय. दोन्ही आकडे खरे आहेत; फक्त ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

यावर एक मध्यम मार्ग आहे. उष्ण दिवसाचा परिणाम वेगवेगळ्या थरांतील स्त्रियांत स्वतंत्रपणे काढून पाहावयाचा. दक्षिण कॅलिफोर्नियात २००८ ते २०१८ या काळातील ४,०३,६०२ गर्भारपणांचा असा अभ्यास झाला. यात पाहिले ते मूल नव्हे, तर माता: अतिरक्तस्राव, मूत्रपिंड निकामी होणे, हृदयक्रिया बंद पडणे यांसारख्या प्रसूतिसमयीच्या गंभीर आपत्ती. अशा ३,४४६ घटनांचा गर्भारपणातील उष्णतेशी संबंध आढळला, आणि कमी शिक्षण झालेल्या मातांत तो अधिक तीव्र होता. या सर्व स्त्रिया एकाच विमायोजनेच्या सभासद होत्या. दवाखान्याचे दार सर्वांना सारखेच उघडे असतानाही फरक उरला; तेव्हा तो दाराबाहेर, घरात व कामाच्या जागी, शोधावयास हवा.

हा शोध महाराष्ट्रात घ्यावयाचा तर ऊसतोडणीच्या फडासारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण. दिवाळीच्या सुमारास बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला जातात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. मजुरीचा करार एका माणसाशी होत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो आणि मुकादम उचल देतो ती या जोडीला. मजुरी टनावर ठरते. ऊस बुंध्याशी तोडणे, पाचट काढणे, वाढे छाटणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढविणे, हे काम दोघांनी मिळून करावयाचे असते. जोडीतील एकाने खाडा केला तर दुसऱ्याचीही मजुरी बुडते, वर दंड कापला जातो. गर्भवती स्त्री विश्रांती का घेत नाही, या प्रश्नाचे उत्तर तिच्या अज्ञानात शोधण्याची आपल्याकडे खोड आहे. ते या करारात आहे. तिच्या विश्रांतीमुळे कुटुंबाची अर्धी मजुरी बुडते असे नाही. अख्खा कोयता थांबतो आणि उचल फिटावयाची राहते.

हंगाम हिवाळ्याचा, मग उष्णता कोठून आली, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. डिसेंबरच्या पहाटे फडात थंडी वाजते हे खरेच. परंतु फेब्रुवारी सरता सरता पारा चढू लागतो, आणि उंच उभ्या उसात वारा फिरत नाही. त्यात शरीराने निर्माण केलेल्या उष्णतेची भर पडते. जड काम करणाऱ्याला जो दिवस ताप देतो तो बसलेल्याला सुखद वाटू शकतो. वेधशाळा अशा दिवसाला उष्णतेची लाट म्हणत नाही. सपाट प्रदेशात पारा ४० अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश अधिक असावा लागतो, तेव्हा लाट जाहीर होते. म्हणजे सरकारी इशाऱ्याच्या दृष्टीने या स्त्रीने हंगामभर उष्णता सोसलेलीच नाही. नंतर ती गावी परतते ती एप्रिल-मे महिन्यांत, पत्र्याच्या घरात, पाणीटंचाईच्या दिवसांत. एका गर्भारपणाचे पहिले महिने फडावर व शेवटचे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जावेत, ही मुळीच अपवादात्मक गोष्ट नव्हे.

यात आणखी एक भर आहे, तिचा उल्लेख शिष्टसंमत लेखनात सहसा होत नाही. कोपीजवळ शौचालय व आडोसा नसल्यामुळे पुष्कळ स्त्रिया दिवसा मुद्दाम पाणी कमी पितात. घाम येत असताना पाणी टाळणे याचा अर्थ रक्ताचे आकारमान घटणे, मूत्रमार्गाचे विकार जडणे आणि मूत्रपिंडांवर ताण येणे. मध्य अमेरिकेतील उसाच्या मळ्यांत तरुण मजुरांची मूत्रपिंडे मधुमेह वा रक्तदाब नसताना निकामी होत असल्याचे गेल्या काही दशकांत उघडकीस आले आहे. उष्णता, श्रम व निर्जलीकरण यांचा त्यात मोठा वाटा मानला जातो. गर्भारपणात मूत्रपिंडांचे काम एरवीच वाढलेले असते. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत, तर देशातील ५२ टक्के गर्भवतींत रक्तक्षय आढळला. ज्या रक्ताने त्वचा, स्नायू व गर्भाशय या तिघांना पुरावयाचे तेच पातळ आहे.

येथवर प्रसूतीपर्यंतचा विचार झाला. आता त्यापुढचा. वैद्यकीय परिभाषेत मातामृत्यूची मर्यादा प्रसूतीनंतर ४२ दिवसांची आहे. आपल्या लोकव्यवहारातील सव्वा महिन्याशी ही मुदत जवळजवळ जुळते हा योगायोग मोठा मौजेचा आहे. दोन्हींकडे त्यानंतर बाळंतीण पुन्हा ‘बाई’ होते व नोंदवहीतून नाहीशी होते. २०२३ च्या अखेरीस ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या लेखमालेने असा अंदाज दिला की, प्रसूतीमुळे उद्भवलेल्या दीर्घकालीन व्याधी जगात दरवर्षी किमान चार कोटी स्त्रियांना जडतात. कंबरदुखी, मूत्रावर ताबा न राहणे, संबंधाच्या वेळी वेदना, खिन्नता या त्यांतील प्रमुख होत.

त्याहून खोल परिणाम रक्तवाहिन्यांवर दिसतात. गर्भारपणाच्या उत्तरार्धात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागणे, या विकाराला आपण गर्भाक्षेपपूर्व अवस्था म्हणतो. प्रसूती झाली की तो शमतो, म्हणून एकेकाळी तो तात्पुरता समजला जाई. २००७ मध्ये सुमारे ३५ लाख स्त्रियांची माहिती एकत्र करणाऱ्या समीक्षेने हा समज मोडून काढला. हा विकार झालेल्या स्त्रियांत पुढील दहा ते चौदा वर्षांत कायमच्या उच्च रक्तदाबाचा धोका ३.७ पट, हृदयविकाराचा २.१६ पट व पक्षाघाताचा १.८१ पट आढळला. गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका सात ते दहा पट असतो. स्वीडनमध्ये वीस लाखांहून अधिक मातांच्या नोंदी तपासल्या असता, अकाल प्रसूती झालेल्या मातांचे मृत्यूचे प्रमाण पुढील दहा वर्षांत इतरांच्या १.७ पट होते. सख्ख्या बहिणींशी तुलना करूनही हा फरक पुरता नाहीसा झाला नाही.

येथे दोन साखळ्या समोरासमोर येतात. उष्णतेमुळे अकाल प्रसूती, रक्तदाब व मधुमेह वाढतात ही एक. या तिन्ही गोष्टी झालेल्या मातांचे उत्तरायुष्य अधिक रोगट असते ही दुसरी. दोन्ही जोडून ‘गर्भारपणातील उष्णता मातेचे आयुष्य घटविते’ असे विधान करावे काय? तर्कशास्त्राचा विद्यार्थी येथे थबकेल आणि त्याचे थबकणे योग्यच होय. कारण दुसऱ्या साखळीचे दोन अर्थ संभवतात. गर्भारपणातील विकार रक्तवाहिन्यांना कायमची इजा करीत असेल हा एक. किंवा इजा करणारे दौर्बल्य आधीपासूनच असेल व गर्भारपणाने केवळ त्याची परीक्षा घेतली असेल हा दुसरा. दुसरा अर्थ खरा असेल तर उष्णतेने ती परीक्षा थोडी कठीण केली एवढेच म्हणता येईल. तिच्यामुळे पुढील हृदयविकार वाढला असे म्हणता येणार नाही.

आणि या ठिकाणी उष्णतेची सोडत आपल्या पुन्हा उपयोगी पडते. कोणत्या महिन्यात लाट येईल हे स्त्रीच्या आनुवंशिक दौर्बल्यावर अवलंबून नसते. तेव्हा गर्भारपणाच्या नाजूक काळात लाट आलेल्या स्त्रिया आणि त्याच गावातील, त्याच थरातील पण लाट न आलेल्या स्त्रिया यांचा वीस वर्षे पाठपुरावा केला, आणि पहिल्या गटात रक्तदाब अधिक निघाला, तर इजेचा अर्थ खरा ठरेल. उष्णता ही संकट तर आहेच, पण वैद्यकातील एका जुन्या वादाचा निकाल लावू शकणारे ते साधनही आहे. अडचण इतकीच की बहुतेक अभ्यास प्रसूतीच्या दिवशी थांबतात. त्यांना अर्भकाचे वजन हवे असते. ते मिळाले की मातेचा पत्ता टाकून दिला जातो.

बीड जिल्ह्यात तर या पाठपुराव्यात आणखी एक गुंतागुंत आहे. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय मागील दहा वर्षांत काढून टाकलेले आढळले. त्यांत ऐन तारुण्यातील स्त्रिया पुष्कळ होत्या. पाळीच्या दिवसांतील खाडे टाळणे, कंबर व ओटीपोटाच्या दुखण्याला कंटाळणे, आणि कर्करोगाची घातलेली भीती, अशी कारणे पुढे आली. या शस्त्रक्रियांचे खापर उष्णतेवर फोडणे सर्वस्वी अयोग्य होईल. त्यांचे मूळ कराराच्या स्वरूपात व खाजगी वैद्यकाच्या व्यवहारात आहे. परंतु आपल्या विषयाशी त्यांचा संबंध असा की, अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वयाच्या पस्तिशीच्या आत गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत, अंडकोश शाबूत ठेवलेले असतानाही, हृदय दुर्बल होण्याचा धोका ४.६ पट व हृदयधमनीविकाराचा २.५ पट आढळला. ज्या स्त्रीने गर्भारपण फडात काढले, तिनेच पुढे गर्भाशय गमावले, आणि पन्नाशीच्या आत तिला धाप लागू लागली, तर कोणता भाग कशाचा, हे रुग्णालयातील कागदावरून कधीच कळणार नाही.

कायद्याचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन अपुरे राहील. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला तो गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांसाठी. त्यापूर्वी १९२८ मध्ये कायदे कौन्सिलात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीपूर्वीच्या विश्रांतीवर भर दिला होता आणि त्या खर्चाचा काही भार सरकारनेही उचलावा असे प्रतिपादन केले होते. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने व २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांवर नेली. पण ही रजा मिळण्यासाठी कोणीतरी मालक असावा लागतो. तोडणी करणाऱ्या स्त्रीचा मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम नवऱ्याकडे. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणारे ५,००० रुपये तिला लागू आहेत. मात्र त्यासाठीच्या नोंदी व तपासण्या ठरलेल्या वेळी व्हाव्या लागतात, आणि त्या वेळी ती फडावर असते. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत १,३४४ अधिक मृत्यू झाल्यावर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार झाला. तेथील एका रुग्णालयाच्या नोंदींवरून, पारा ४२ अंशांपलीकडे गेल्यावर प्रत्येक अंशामागे उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या नवजात अर्भकांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले. प्रसूतिकक्ष वरच्या मजल्यावरून खाली आणल्यावर ती घटली. मजला बदलणे सोपे होते, कारण रुग्णालयाला मालक होता.

विभागातील कोणा विद्यार्थ्याने हा विषय हाती घेतला तर त्याला साधनांची वाण पडणार नाही, पण ती एका ठिकाणी मिळणार नाहीत. प्रसूतीचे गाव व गर्भारपणाचे गाव एकच मानण्याची चूक त्याने प्रथम टाळली पाहिजे. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते, आणि तोडणीच्या कुटुंबात तर नोंद बीडची, गर्भारपण सांगलीचे, अशी स्थिती असते. जन्मस्थळाचे तपमान तिला लावणे म्हणजे भलत्याच स्त्रीची उष्णता तिच्या नावे मांडणे होय. जे गर्भ नोंदणीपूर्वीच पडले ते कोणत्याच दप्तरात नसतात. त्यांसाठी स्त्रियांना विचारण्यावाचून गत्यंतर नाही. उलट, काही कागद अनपेक्षितपणे उपयोगी आहेत. कारखान्याच्या काट्यावरील वजनपावतीत तारीख व टन असतात. त्यावरून कोणत्या दिवशी किती श्रम झाले याचा अदमास निघतो. अंगणवाडी व आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत वजन व तपासण्या असतात. हवामान खात्याचे दैनिक तपमान सहज मिळते. आणि मुकादमाच्या वहीत टोळी कोठे होती, कोणाचे किती खाडे झाले, हे दिवसवार लिहिलेले असते.

ही शेवटची वही सर्वांत मोलाची व सर्वांत धोक्याची आहे. खाड्याची नोंद संशोधकाच्या दृष्टीने विश्रांतीची नोंद असते. मुकादमाच्या दृष्टीने ती कर्जाची नोंद असते. वही मागितल्यामुळे जुने खाडे पुन्हा उकरले जाऊन कोणा स्त्रीवर दंडाचा बोजा चढणे अशक्य नाही. म्हणून आधी स्त्रियांची संमती घ्यावी, ती मुकादमाच्या गैरहजेरीत व त्यांच्या स्वतःच्या गावी घ्यावी, आणि मगच वहीकडे वळावे. हे काम टोळ्या परतल्यानंतर, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतच, करता येण्यासारखे आहे.